पहिले अठ्ठावीस दिवस : बाळ तपासायला शिकण्याचा इतिहास

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल विठ्ठलवाडी सोडते आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके एकामागून एक येतात. या तीन शहरांच्या चाळींत आणि वस्त्यांत खांद्याला पिशवी लावून फिरणारी आशाताई अनेकांनी पाहिली असेल. ज्या घरी नुकतेच बाळ आले आहे तिथे ती जाते. हात साबणाने धुते, बाळाचा श्वास मिनिटभर मोजते, काखेत थर्मामीटर धरते, झोळीच्या काट्यावर वजन करते आणि एका छापील कागदावर खुणा करते. सारे मिळून फार तर अर्धा-पाऊण तास. शेजारच्या बायकांना त्यात विशेष काही वाटत नाही.

पण या अर्ध्या तासातली प्रत्येक कृती कधीतरी कुणीतरी शोधून काढली, कुणीतरी शिकवली, आणि ‘हे काम हिला जमणार नाही’ या आक्षेपावर मात करून ती तिच्या हाती आली. जन्मापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंतच्या बाळाला वैद्यकशास्त्र नवजात म्हणते. या काळात दगावणाऱ्या बाळांपैकी जवळजवळ पाऊण हिस्सा पहिल्या आठवड्यातच दगावतो. म्हणूनच या दिवसांत बाळ कुणी पाहायचे, त्यात काय पाहायचे आणि पाहायला शिकवायचे कसे, या प्रश्नांच्या उत्तरांवर अनेक जीव अवलंबून असतात. ही गोष्ट जितकी वैद्यकाची आहे तितकीच शिकवण्याच्या पद्धतीची आहे. शिक्षकांपुढे ती ठेवावी असे आम्हांला वाटले ते यासाठीच.

‘जगेल का?’ हा जुना प्रश्न

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात नवजात बाळाविषयी सविस्तर सूचना आहेत. बाळ जन्मताच त्याच्या कानांशी दोन दगड एकमेकांवर आपटून आवाज करावा, तोंडावर गार किंवा कोमट पाणी शिंपडावे, सुपाने वारा घालावा, असे तिथे सांगितले आहे. निपचित बाळाला चेतवण्याचे हे उपाय आहेत. आजही बाळ रडले नाही तर आधी त्याला कोरडे करतात आणि पाठ चोळतात. साधन बदलले, पण त्वचेला आणि इंद्रियांना जागे करून श्वास सुरू करावा ही कल्पना तीच आहे. पुढे दहाव्या दिवशी नाव ठेवल्यानंतर बाळाच्या आयुष्याची परीक्षा सांगितली आहे. केस, कपाळ, कान, डोळे, आवाज अशा एकेका गोष्टीवरून दीर्घायुष्याची लक्षणे ओळखायची. म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने पाहण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये सोरेनस नावाचा वैद्य होऊन गेला. त्याने सुईणींसाठी लिहिलेल्या ग्रंथात बाळाच्या तपासणीवर वेगळे प्रकरण आहे. बाळ जोराने रडते का, सगळे अवयव नीट आहेत का, नाक, कान, गुदद्वार ही द्वारे मोकळी आहेत का, सांधे वाकतात-पसरतात का, हे सुईणीने पाहायचे. यादी आजच्या परिचारिकेलाही पटावी अशी आहे. मात्र प्रकरणाचा विषय काय, तर वाढवण्याजोगे बाळ कसे ओळखावे! त्या काळच्या रोममध्ये दुबळे मूल टाकून देण्याची चाल होती.

दोन्हीकडे निरीक्षण बारीक आहे, पण परीक्षेचा रोख ‘हे जगेल का’ याकडे आहे. त्याऐवजी ‘हे जगावे म्हणून आत्ता नेमके काय करावे’ असे विचारून तपासणे ही फार अलीकडची गोष्ट आहे.

सुईणीला काय दिसत होते

मधली कित्येक शतके बाळंतपण आपल्याकडे सुईणीच्या हाती होते. तिला काही कळत नव्हते असे समजणे चुकीचे ठरेल. आडवे मूल, अडकलेली वार, निळे पडलेले बाळ हे सारे तिने डोळ्यांनी पाहिलेले असे. तिला जे दिसत नव्हते ते कुणालाच दिसत नव्हते, म्हणजे जंतू. नाळ विळ्याने कापली, त्यावर राख किंवा शेण लावले, की धनुर्वाताच्या जंतूला वाट मिळे. हा रोग बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघड होतो. धडधाकट बाळ दूध ओढेनासे होते, जबडा आखडतो, अंग कमानीसारखे ताठते. आपल्याकडची पाचवी आणि सटवाईची पूजा याच दिवसांत येते. कोणते दिवस धोक्याचे हे समाजाने नीट हेरले होते आणि कारण न कळल्यामुळे ते देवीच्या हवाली केले होते, असे आम्हांला वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र बदलू लागले. १८८५ मध्ये हिंदुस्थानात स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून डफरिन फंड स्थापन झाला. १८८६ मध्ये मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. १९०३ मध्ये दायांना शिक्षण देण्यासाठी व्हिक्टोरिया राणीच्या नावाने शिष्यवृत्ती निधी सुरू झाला.

या योजनेला फारसे यश आले नाही, आणि त्याचे एक कारण शिक्षकांना लगेच ओळखू येईल. वर्षानुवर्षे हाताने काम केलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बायकांपुढे व्याख्याने दिली जात. त्यांना जे येत होते त्यापासून सुरुवात करून पुढे नेण्याऐवजी, त्यांचे सारे चुकीचे आहे या गृहीतावर शिकवणे सुरू होई. शिवाय शिक्षणाचा भर आईवर होता. हात स्वच्छ धुणे, ताप येऊ न देणे, अडल्यास डॉक्टरला बोलावणे हे अगदी योग्यच होते. पण बाळ रडले की त्याच्यापुरते काम संपले, असा समज सुईणीचा होता तसाच तिला शिकवणाऱ्यांचाही होता.

किती बाळे दगावत होती? भोर समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल दिला. त्यात १९३७ सालचा ब्रिटिश हिंदुस्थानातील बालमृत्युदर दर हजार जन्मांमागे १६२ दिला आहे. म्हणजे जन्मलेल्या दर सहा मुलांपैकी जवळजवळ एक पहिला वाढदिवस पाहत नसे. पुढच्याच वर्षी फाळणी झाली. सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या नगराची कोनशिला बसली आणि त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. एकेका बराकीत आडोसे करून अनेक कुटुंबे राहत होती, आणि त्यांत गरोदर आणि ओल्या बाळंतिणीही होत्या. नव्या देशापुढे आरोग्याचे किती मोठे काम पडले होते याची यावरून कल्पना येते.

कागदावरच्या पाच गोष्टी

याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेल्या रुग्णालयात व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ काम करीत होत्या. बाळ जन्मल्यावर सर्वांचे लक्ष आईकडे असते आणि बाळाची अवस्था जो तो आपल्या अंदाजाने सांगतो, हे त्या रोज पाहत होत्या. १९४९ मध्ये एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले, की नवजात बाळाची अवस्था पटकन ठरवायची कशी? अपगारबाईंनी हाताशी असलेल्या कागदावर पाच गोष्टी लिहून दिल्या, असे सांगतात. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, स्पर्शाला प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येक गोष्टीला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण दहापैकी. १९५२ मध्ये त्यांनी ही पद्धत परिषदेत मांडली आणि १९५३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पुढे एक मिनिटाने आणि पाच मिनिटांनी असे दोनदा गुण देण्याची रीत पडली.

या गुणपत्रिकेत नवे यंत्र नव्हते, नवे औषध नव्हते. पाचही गोष्टी सुईणीला पूर्वीपासून दिसत होत्या. नवे होते ते इतकेच, की काय पाहायचे, कोणत्या वेळी पाहायचे आणि ते कसे लिहायचे हे ठरले. ‘बाळ जरा मलूल वाटते’ या वाक्याच्या जागी ‘पाच मिनिटांनी सहा’ असे लिहिता येऊ लागले. दोन परिचारिकांनी वेगवेगळे पाहिले तरी उत्तर जवळपास सारखे यावे, अशी सोय झाली. आणि जे असे ठरवून लिहिता येते ते शिकवताही येते.

पुढच्या काळात तपासणीचे एकेक अंग असेच नेमके होत गेले. खुब्याचा सांधा निखळलेला आहे का हे पाहण्याची एक रीत इटलीत ओर्तोलानी यांनी १९३७ मध्ये मांडली होती. तिला पूरक अशी दुसरी इंग्लंडमध्ये बार्लो यांनी १९६२ मध्ये सांगितली. कावीळ चेहऱ्यापासून पायांकडे उतरत जाते आणि ती कुठवर पोचली यावरून तिच्या तीव्रतेचा अंदाज येतो, हे क्रेमर यांनी १९६९ मध्ये दाखवले. बाळ किती आठवड्यांचे आहे हे त्याची त्वचा, कानांची घडी, तळव्यांवरच्या रेषा आणि हातापायांची ठेवण पाहून सांगणारी बॅलार्ड यांची गुणपद्धती १९७९ मध्ये आली.

आधी डोळे, मग हात

प्रसूतिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थिनीला नवजात बाळाची तपासणी शिकवताना क्रमाला फार महत्त्व देतात. क्रम डोक्याकडून पायाकडे असा सांगितला जातो, पण त्याच्याही आधी एक नियम आहे. बाळ शांत असताना जे कळते ते आधी पाहून घ्यायचे.

म्हणून पहिली दोन-तीन मिनिटे हात लावायचाच नाही. रंग कसा आहे, छाती आत ओढली जाते का, दोन्ही हात सारखे हलतात का, हे लांबूनच दिसते. मग बाळ झोपलेले असतानाच श्वास मोजायचा आणि हृदयाचे ठोके ऐकायचे. त्यानंतर टाळू, डोळे, टाळा, मान, पोट, नाळ, जननेंद्रिये, गुदद्वार, पाठीचा कणा, हातापायांची बोटे. खुब्याचे सांधे सर्वांत शेवटी, कारण तिथे हात लागला की बाळ रडणार हे ठरलेले. आणि एकदा रडू लागलेल्या बाळाचा श्वास मोजणे किंवा ठोके ऐकणे व्यर्थ असते.

प्रत्येक कृतीमागे असेच कारण असते आणि ते कारण कळले की कृती विसरत नाही. टाळा नुसते तोंड उघडून पाहिला तर मागची फट सुटू शकते, म्हणून उजेड हवा. कावीळ दिव्याच्या उजेडात नव्हे, दिवसाच्या उजेडात पाहायची. सावळ्या बाळाची त्वचा बोटाने दाबून क्षणभर सोडायची आणि खालचा रंग पाहायचा. हाताच्या पालथ्या बाजूने आधी पोट आणि मग पाऊल चाचपायचे. पोट गरम आणि पाऊल गार असेल, तर बाळ ऊब राखण्यासाठी झगडत आहे. दोन्ही गार असतील तर ते धोक्यात आहे.

काय सोडून द्यायचे, हेही तपासणी शिकवते. आपल्याकडे पुष्कळ बाळांच्या कमरेवर निळसर डाग असतो. तो मार नव्हे आणि ग्रहणही नव्हे, काही वर्षांत तो आपोआप फिकट होतो. मुलगा असो वा मुलगी, काही बाळांची छाती थोडी सुजते, त्यातून दुधासारखा थेंबही येतो. मुलीला तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगावरून किंचित रक्त जाऊ शकते. आईची संप्रेरके बाळाच्या शरीरातून ओसरत असल्याचा तो परिणाम असतो. छाती पिळून ‘घाण’ काढण्याची जी रीत अनेक घरांत आहे, तिच्यामुळे मात्र गळू होऊन बाळ खरोखर आजारी पडते. ‘काही करू नका, हे ठीक आहे’ असे खात्रीने सांगता येणे हीदेखील शिकलेल्या डोळ्यांची कमाई आहे.

हे काम डॉक्टरनेच करावे की शिकलेली सुईण-परिचारिका ते करू शकते? इंग्लंडमध्ये बाळाची संपूर्ण तपासणी अनेक वर्षे कनिष्ठ डॉक्टर करीत. पुढे प्रशिक्षण घेतलेल्या मिडवाइफही ती करू लागल्या, तेव्हा दोघांची रीतसर तुलना झाली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मिडवाइफ कुठेच कमी पडल्या नाहीत. तपासणीचा दर्जा त्यांचा सरस ठरला, आणि त्यांनी बाळ तपासले तेव्हा आयाही अधिक समाधानी होत्या.

शिक्षण आखडले

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर खेड्यापाड्यांसाठी सहाय्यक परिचारिका प्रसाविका, म्हणजे आपली नर्सबाई, तयार करायला १९५० च्या दशकात सुरुवात झाली. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि त्यात बाळंतपणाच्या शिक्षणाला मोठा वाटा. पुढे १९७३ च्या कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्यसेविकेची कल्पना मांडली. नर्सबाईकडे कुटुंबनियोजन, लसीकरण, नोंदवह्या अशी कामे वाढत गेली आणि १९७७ मध्ये अभ्यासक्रम अठरा महिन्यांवर आणला गेला. काम वाढले, शिक्षण आखडले, आणि कात्री लागली ती बाळंतपणाच्या भागाला. ज्या विद्यार्थिनीने शिकताना पुरेशी बाळे हाताळली नाहीत, तिला पुस्तकातली लक्षणे पाठ असली तरी समोरच्या बाळात ती दिसत नाहीत. प्रयोगाशिवाय विज्ञान शिकवल्यावर जे होते तेच इथे झाले. पुढे अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा झाला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने प्रसूतिसेवेची नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि अनुभवी परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचे विशेष प्रसाविका-शिक्षण आखले. ज्या शिक्षणाला कात्री लागली होती त्याचे मोल त्यातून मान्य झाले.

गडचिरोलीची शाळा

मधल्या काळात या प्रश्नाचे सर्वांत धीट उत्तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला शोधले गेले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांचे आधीचे काम न्यूमोनियावर होते. गावात ज्याला ‘डबा’ म्हणतात तो हाच. बाळाचा श्वास मिनिटाला किती हे कळले तर न्यूमोनिया ओळखता येतो. पण पन्नास-साठपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईने ते कसे करावे? बंगांनी एक साधे उपकरण केले. पट्टीवर मणी आणि सोबत एक मिनिटाची वाळूची घडी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर बाळाला औषध हवे. दोन महिन्यांच्या आतील आणि त्यावरील मुलांसाठी मण्यांच्या दोन ओळी, कारण लहान बाळाचा श्वास मुळातच जलद असतो. दहापर्यंत मोजणे दाईला येत होते. शिकवणाऱ्यांनी तिला साठपर्यंत ओढत न्यायचा हट्ट धरला नाही, ज्ञानच तिच्या दहापर्यंत आणून ठेवले.

त्यानंतर ते नवजात बाळांकडे वळले. ३९ गावांत काम करायचे आणि तुलनेसाठी ४७ गावे घ्यायची असे ठरले. १९९३ ते १९९५ या काळात आधीची स्थिती नोंदवली गेली. मग पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच स्त्रिया निवडून त्यांना आरोग्यदूत म्हणून शिक्षण देण्यात आले. माहिती कशी विचारायची, बाळंतपणाच्या वेळी काय टिपायचे, बाळ कसे तपासायचे, वजन आणि तापमान कसे घ्यायचे आणि हे सारे छापील तक्त्यात कसे भरायचे. एखादे लक्षण म्हणजे नेमके काय, हे डोळ्यांत बसावे म्हणून रंगीत छायाचित्रे होती. दर पंधरवड्याला पर्यवेक्षक गावात येऊन तिच्या नोंदी पडताळून पाही.

पहिल्या वर्षी, १९९५-९६ मध्ये, मुख्यतः पाहण्याचे आणि लिहिण्याचे काम झाले. ७६३ बाळांच्या नोंदी मिळाल्या. बहुतेक सारी घरीच जन्मली होती. सुमारे ४२ टक्के अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. ५४ टक्के बाळांना पहिल्या अठ्ठावीस दिवसांत उपचारांची गरज पडली होती. प्रत्यक्षात डॉक्टरच्या नजरेस पडली अवघी २.६ टक्के. गावात हे दुखणे पूर्वीही होतेच, पण ते मोजायला घराच्या आत कुणी गेले नव्हते.

बाळांचे सर्वांत मोठे मारेकरी होते जंतुसंसर्ग, जन्मताच श्वास न घेणे आणि कमी वजन. जंतुसंसर्ग ओळखायला रुग्णालयात रक्ततपासणी लागते. ती गावात कुठून आणायची? बंगांनी नोंदींचे विश्लेषण करून सात साधी लक्षणे निवडली. रडणे क्षीण होणे किंवा बंद होणे, दूध ओढणे कमी होणे, अंग ढिले किंवा सुस्त पडणे, अंग तापणे किंवा गार लागणे, त्वचेवर किंवा नाळेपाशी पू, पोट फुगणे किंवा उलट्या, आणि छाती आत ओढली जाणे किंवा श्वास साठ वा अधिक होणे. यांतली कोणतीही दोन लक्षणे एकाच वेळी दिसली, तर जंतुसंसर्ग समजून उपचार करायचे. यातली तीन आईला आरोग्यदूताच्याही आधी कळतात. काल नीट पिणारे बाळ आज पीत नाही, हे आईखेरीज आधी कोण सांगणार?

उपचारांत जेंटामायसिनचे इंजेक्शन होते. खेड्यातल्या बाईच्या हाती सुई देणे अनेक डॉक्टरांना धोक्याचे वाटले. हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही, चुकीचे इंजेक्शन खरोखरच इजा करू शकते. त्याचे उत्तर युक्तिवादाने नव्हे, आकड्यांनी मिळाले. उपचार सुरू होण्यापूर्वी जंतुसंसर्ग झालेल्या १६३ बाळांपैकी २७ दगावली होती. उपचार झालेल्या ७१ बाळांपैकी दोन दगावली. ३९ गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो साठच्या आसपासच राहिला. हे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

हे यश केवळ औषधाचे नव्हते. आरोग्यदूत त्याच गावात राहत होती, एकाच बाळाला पुनःपुन्हा पाहत होती, तिने लिहिलेले कुणीतरी तपासत होते. आणि तिला जे शिकवले ते थोडे, नेमके आणि हाताने करून घेतलेले होते.

गडचिरोलीतून बदलापुरात

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारने घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम देशभरातील आशांकडे सोपवले. बाळ रुग्णालयात जन्मले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी. घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक. इंजेक्शनचे काम मात्र आशाला दिले गेले नाही. त्याबाबत २०१४ मध्ये नर्सबाईंसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. २०१३ मध्ये शहरी आरोग्य अभियान आले आणि आशा शहरांतल्या वस्त्यांतही दिसू लागली.

कुणी विचारील, की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथे रुग्णालये आहेत, बाळंतपणे तिथेच होतात, मग घरी जाऊन बाळ पाहायची गरज काय? इथे तपासणीच्या काळाचा प्रश्न येतो. साध्या बाळंतपणानंतर दोन दिवसांत आई घरी येते. त्या वेळी बाळाची तपासणी कितीही उत्तम झाली, तरी कावीळ सहसा तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास वाढलेली असते. नाळेचा संसर्ग त्यानंतरही होऊ शकतो. हृदयातल्या काही दोषांचा आवाज पहिल्या दिवशी ऐकूच येत नाही. पहिल्या दिवसात बाळाचे वजन घटू लागते, ते दहा टक्क्यांच्या आत थांबले का आणि दहा-बारा दिवसांत भरून आले का, हे पुन्हा काट्यावर ठेवल्याशिवाय कळत नाही. बाळ एकदा तपासून चालत नाही ते यामुळे.

गडचिरोलीत रुग्णालय दूर होते. शहरात ते जवळ आहे, पण त्याच्या आणि घराच्या मध्ये बाळ हरवते. पहिले बाळंतपण माहेरी, नाव सासरच्या पत्त्यावर. भाड्याची खोली अकरा महिन्यांनी बदललेली. कारखान्यात पाळीवर जाणारा बाप, नवी वस्ती, दार अर्धे उघडणारी शेजारीण. गडचिरोलीतली आरोग्यदूत ज्या ओळखीच्या बळावर घरात जात होती, ती ओळख शहरातल्या आशाला प्रत्येक दारात नव्याने कमवावी लागते. तिचे शिक्षण जितके पक्के, तितके ते दार लवकर उघडते.

आकडे उत्साह वाढवणारे आहेत. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० मध्ये भारताचा नवजात मृत्युदर हजारी २० आणि महाराष्ट्राचा ११ होता. तो अनेक कारणांनी उतरला आहे. रुग्णालयात होणारी बाळंतपणे, धनुर्वाताची लस, नवजात बाळांचे अतिदक्षता कक्ष, मुलींचे शिक्षण. एकट्या गृहभेटींना त्याचे श्रेय देता येणार नाही. पण महाराष्ट्रात अजूनही हजार जन्मांमागे अकरा बाळे महिनाही पुरा करत नव्हती, हाही त्याच आकड्याचा अर्थ आहे.

वर्गात करून पाहावे

हा इतिहास वर्गात नेण्याचा एक सोपा मार्ग आहे. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना घड्याळ द्यावे आणि शांत बसलेल्या सोबत्याचे श्वास पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायला सांगावे. मग पूर्ण मिनिट मोजायला लावावे. उत्तरे का जुळत नाहीत यावर बोलावे. नवजात बाळात हा फरक आणखी मोठा असतो. ते काही श्वास भराभर घेते, पाच-दहा सेकंद थांबते, पुन्हा भराभर घेते. एका पंधरा सेकंदांत अकरा श्वास आले तर उत्तर ४४, दुसऱ्या पंधरा सेकंदांत सोळा आले तर ६४. एका उत्तराने बाळ निरोगी ठरते, दुसऱ्याने आजारी! म्हणून नवजात बाळाचा श्वास पूर्ण मिनिट मोजायचा, आणि साठ किंवा अधिक आला तर पुन्हा एकदा मोजायचा. सरासरी, नमुना आणि मोजणीतली चूक यांचे याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी सुचत नाही. हवे तर दहा मण्यांची माळ करून मण्यांनी मोजण्याचाही प्रयोग करावा.

या विद्यार्थ्यांपैकी काही जणी पुढे परिचारिका होतील, काही आशा होतील. बाकीचे आईबाप होतील. पिवळे तळवे, दूध न ओढणारे तोंड, गार पाऊल ही लक्षणे ओळखून त्याच दिवशी दवाखाना गाठणे त्यांतल्या प्रत्येकाला जमायला हवे. त्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. काय पाहायचे ते कुणीतरी नीट दाखवलेले असावे लागते, आणि ते दाखवणे हे मुळात शिक्षकाचे काम आहे.